फोन घरात मुका होतो

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाय घसरला माझ्या न्हाणीघरात आणि येऊन पडलो लेकीच्या घरी. प्लास्टर निघालं, काठी सुटली, तरी मी इथेच. काल जेवताना लेक म्हणाली, "बाबा, एकटं राहणं आता पुरे. कायमचे इथेच राहा. महिनाअखेरपर्यंत ठरवा, म्हणजे तुमच्या जागेच्या मालकांना कळवता येईल." जावईबापू पेल्यात पाणी ओतत होते. माझ्याकडे बघून हसले. हसू खरं होतं की ताटात वाढतात तसं वाढलेलं, कळलं नाही.

"हो" म्हणायला जीभ रेटेना. ही असती तर गोष्ट वेगळी होती. एकट्या बापाने लेकीच्या घरी ठाण मांडायचं म्हणजे पाहुणा म्हणावं तर जात नाही, आणि घरचा म्हणावं तर टॉवेल कुठे वाळत घालू हेही विचारावं लागतं. लाज वाटते. ताईला तसं सांगितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून आम्ही व्हॉइस मेसेज पाठवतो. ती आवाज मोठा करून हवा तेवढ्या वेळा ऐकते. तिचं उत्तर आलं, "माझ्याकडे ये. दोघं मिळून एकमेकांच्या गोळ्या विसरू."

तिच्याकडे जावं असंच मनात आहे. लेकीला तोंडावर सांगायचा धीर नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन भरला. नवा फोटो निघत नाही, जुना एकही काढून टाकवत नाही. लेक म्हणाली कॉम्प्युटरवर टाकून घ्या. फोनचं भोक सैल झालंय, वायर चार्जिंगपुरतीच धरते. म्हणून जावईबापू म्हणाले, "ब्लूटूथने जोडू या, बाबा. सोपं आहे."

सोपं कसलं! कॉम्प्युटरवर एक आकडा येतो, फोनवर एक येतो. दोन्ही सारखे असतील तर 'जोडा' दाबायचं. माझा उभा जन्म मुद्रितशोधनात गेला. आकडा तपासायची आमची रीत अशी, की एकदा डावीकडून वाचायचा, एकदा उजवीकडून, आणि मोठ्याने. मी उजवीकडून वाचत होतो तोवर दोन्ही पडद्यांवरून आकडा गायब. 'जोडणी झाली नाही.' पुन्हा नवा आकडा. पुन्हा मी वाचला. पुन्हा गायब. जावईबापू म्हणाले, "बाबा, नुसतं बघून दाबलंत तरी चालेल." मी म्हणालो, "नुसतं बघून दाबणाऱ्यांनीच छापखाने बुडवले." शेवटी ते म्हणाले, "उद्या बघू, मला एक काम पुरं करून द्यायचंय."

त्यांचं काम! सकाळी नाश्ता करायचा, लेकीला कामावर पाठवायचं, मग अर्ध्या चड्डीत खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्यातले हे खोकले, खुर्चीचे आवाज आणि मोठे मोठे श्वास कापतात. ताईला सांगितलं, "माणूस दिवसभर घरात बसून दुसऱ्यांचे श्वास कापतो, याला नोकरी म्हणायचं का?" पाठवून झाल्यावर माझा मेसेज मी नेहमीप्रमाणे दोनदा ऐकला. तपासल्याशिवाय मी काही सोडत नाही. चूक सापडली तर पुसून पुन्हा पाठवतो. आज चूक नव्हती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट केली ती कुणाला सांगणार नाही.

जावईबापू भाजी आणायला गेले होते. कॉम्प्युटर चालू होता. म्हटलं, आपणच जोडून टाकावा, म्हणजे आल्यावर तोंडात बोट घालतील. खुर्ची उंच होती, खाली केली. आकडा आला. या वेळी मोठ्याने वाचायला कुणी नव्हतं, म्हणून मुकाट्याने दाबलं. दोन्हीकडे 'जोडले' असं आलं! मग एक फोटो पाठवला. कॉम्प्युटरने घेतला नाही. दुसरा पाठवला, तोही नाही. म्हणजे जोडले बिडले काही नाही, नुसतं बोलायला. तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी जे दिसेल ते बंद केलं आणि चोरासारखा माझ्या खोलीत येऊन पडलो. या वयात, लेकीच्या घरात, दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात! जेवताना वर बघवलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जावईबापूंनी विचारलं, "बाबा, काल फोन जोडून बघितलात का?"

"छे! मी कशाला तुमच्या मशीनला हात लावू?" तोंडातून निघून गेलं. ते काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "बरं," आणि आत गेले. फोटोंचं पुन्हा काढलं नाही. बरंच झालं.

आता फोनचंच काहीतरी बिघडलंय. ताईचा मेसेज आला, लावला, आवाजच नाही. रेघ पुढे सरकते, पण चकार शब्द नाही. माझा मेसेज पाठवून तपासायला लावला, तोही मुका. आवाज पूर्ण चढवला आणि तीन-चारदा लावून बघितला. एरवी फोनवर बोलणं मात्र नीट ऐकू येतं.

मेसेज जावईबापूंच्या चड्डीबद्दल होता. घरात सासरा आहे, जरा पूर्ण कपडे घालावेत, एवढंच म्हटलं होतं. आणि स्वयंपाक करताना शीळ घालतात त्याबद्दल. आणि चहा. त्यांच्या चहात कप दिसतो, चहा दिसत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हटलं, कानच गेले की काय. डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड पाडून बघितलं, यंत्राची टिकटिक ऐकवली आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." मग दोष फोनचा. येताना बागेत बाकावर बसलो आणि सहज ताईचा मेसेज लावला, तर खणखणीत! घरी येऊन लावला, मुका. बागेत बोलतो, घरात मुका होतो. या इमारतीच्या भिंतींतच काहीतरी असावं.

जावईबापूंना विचारणार होतो, पण ब्लूटूथचा विषय निघाला तर मागचं उकरलं जाईल.

एक मात्र चांगलं झालं. आज ते घरात फुलपँट घालून होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चहा सुधारलाय. रंग, चव, सगळं. मी न मागता कप आला, तोही माझ्या खोलीत. शीळ बंद. दाढी रोजच्या रोज. लेक त्यांना म्हणाली, "काय रे, बरं नाही का तुला?" ते म्हणाले, "मस्त आहे."

मला मनातून गंमत वाटली. वडीलधारं माणूस घरात असलं की न बोलताही वचक बसतो. ताईला तेच सांगितलं. नेहमीप्रमाणे तपासायला लावलं, नेहमीप्रमाणे मुकं. सवय काही जात नाही, दोन-तीनदा लावतोच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

महिना सरत आला. लेक काही विचारत नाही, पण माझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. पडदे बघितले की मी खिडकीकडे पाठ करून बसतो.

आज तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण आली होती. तिने विचारलं, "मिस्टर काय करतात?" लेकीने सगळं समजावून सांगितलं, अगदी कौतुकाने. वर मला म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळ्यांनी करायचात ना, तेच हा कानांनी करतो." मैत्रीण "हो का, छान" म्हणाली. ते "छान" मला बरोबर कळलं. मान खाली गेली. आम्ही मुद्रितशोधक असलो तरी सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होतो.

ती गेल्यावर ताईला मनातलं सगळं सांगितलं. फार बोललो. बायकोच्या जिवावर जगणारा पुरुष, असंही काहीतरी बोललो. आणि म्हटलं, "हा माणूस सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडता ना, तर मी इथे राहिलो असतो. लेकीसाठी राहिलो असतो. पण याच्या सावलीत दिवसभर बसायचं, लाज वाटते मला. मी तुझ्याकडेच येतो." मेसेज मोठा होता, म्हणून तपासणं जास्तच गरजेचं होतं. किती वेळा लावला असेल, पण फोन काही बोलला नाही.

रात्री जेवायला जावईबापू बसले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. हेडफोनने दुखणारच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरात भूकंप! जावईबापूंनी नोकरी धरली. कुठल्याशा मोठ्या गोदामाच्या ऑफिसात, माल किती आला किती गेला ते कॉम्प्युटरवर भरायचं. दोन मार्चपासून, सकाळी नऊला हजर. श्वास कापायचं काम सोडणार.

लेक ताटावरून उठली. "तुला वेड लागलंय का? आवडीचं काम आहे, चांगलं चाललंय, मग का?" ते म्हणाले, "बघू या ना करून. माणसाने घराबाहेर पडावं." ती म्हणाली, "हे तुझं बोलणं नाही. कुणी शिकवलं तुला हे?" त्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं. आत जाऊन रडली ती. लहानपणी रडायची तशीच, तोंडात उशीचं टोक धरून.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. आधी बरं वाटलं. माझ्याच मनातलं झालं. मग ती रडताना ऐकू आली आणि तितकंसं बरं वाटेना. तरी ताईला कळवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अक्षर वाकडं येतंय. सांभाळून वाचा, असं लिहिणार होतो, पण ही वही दुसरं कोण बघणार?

संध्याकाळी बागेत गेलो होतो. परत येताना ताईचा मेसेज आला. जिना चढत ऐकत होतो. ताई म्हणत होती, "चला, तू म्हणत होतास तसंच झालं! डबा घेऊन जाणार एकदाचा. लेकीच्या जिवावर बसून खाणं..." मी दार ढकलून आत आलो आणि फोन मुका झाला. समोर जावईबापूंच्या खोलीचं दार उघडं होतं. राहिलेलं काम संपवत बसले होते. मी बघत होतो, आणि त्यांनी एकदम कानांवरचे हेडफोन ओढून काढले आणि मांडीवर ठेवले. चटका बसावा तसे.

मग त्यांनी वर बघितलं. मी हातातल्या फोनकडे बघितलं. ताईच्या मेसेजची रेघ अजून पुढे सरकत होती. वर कोपऱ्यात एक बारीक खूण होती, ती मी कधीच तपासली नव्हती. दाबली. त्यांच्या कॉम्प्युटरचं नाव आणि खाली 'जोडले'.

खोलीत आलो. जेवलो नाही. फोटो गेले नाहीत, पण आवाज जात होता. माझा एकेक शब्द त्यांच्या कानात जात होता. एकदा नाही, मी तपासायला जितक्यांदा लावला तितक्यांदा.

चड्डी. शीळ. चहा. डबा.

धरणी पोटात घेईल तर बरं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाहेर पडलो नाही. पोटाचं कारण सांगितलं. चहा आला, गरम आणि घट्ट. पिववेना. ताईकडे निघून जावं, कुणाला काही सांगायचीच वेळ येणार नाही, असा विचार दिवसभर केला. बॅगही काढली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग परत ठेवली. लेक कामावर गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. ते भाजी परतत होते.

"केव्हापासून ऐकताय?"

"तुम्ही जोडलात तेव्हापासून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी हात लावला होता ते?"

"खुर्ची खाली केलेली होती, बाबा."

"मग मी खोटं बोललो, तेव्हा तोंडावर का नाही म्हणालात?"

"वयाने मोठे आहात." गॅस बारीक केला. "सांगणारच होतो. पण तुम्ही 'छे' म्हणालात आणि मग कसं सांगायचं तेच कळेना."

"पोरीला सांगितलंत?"

"नाही. तिला तुम्ही इथे हवे आहात." एवढं बोलून त्यांनी भाजीत पाणी घातलं. मला तिथे उभं राहवेना, पण राहिलो. म्हणालो, "ती नोकरी सोडा. माझ्यासाठी धरलीत, आता माझ्यासाठीच सोडा." ते म्हणाले, "शब्द दिलाय त्यांना. आणि इथलं काम दुसऱ्याला दिलं गेलं."

संध्याकाळी लेक आली. तिला मी सांगितलं. सगळं, अडखळत. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "आहेत अजून ते मेसेज?"

"आहेत."

"लावा."

"कशाला, पोरी..."

"लावा, बाबा. यानेच का ऐकायचं? आपणही ऐकू."

जावईबापू उठायला लागले. तिने त्यांचा हात धरून बसवलं. मी ती खूण दाबली, फोन कॉम्प्युटरपासून तोडला, आणि सतरा तारखेचा मेसेज लावला.

फोन मुका झाल्यापासूनचे हे मेसेज मी स्वतः एकदाही ऐकले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आलं. तपासतो तपासतो म्हणत होतो, पण माझ्या कानांवर एक अक्षर आलं नव्हतं. आज आलं. लिहिताना मला वाटलं होतं की मी दुःखाने बोललो. त्या आवाजात दुःख कुठेच नव्हतं. चवीने बोलत होता तो म्हातारा. 'बायकोच्या जिवावर' म्हणताना मध्ये थांबून किंचित हसलाही होता. मीच तो.

लेक टेबलाकडे बघत बसली होती. मेसेज संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तू बंद का नाही केलंस? तुला तर एका बटणाचं काम होतं."

ते बराच वेळ मीठदाणी सरळ करत राहिले.

"करणार होतो. रोज करणार होतो," ते म्हणाले. "मग वाटायचं, एखादं बरं वाक्य येईल. माझ्याबद्दल. आलं तर ऐकायचं राहून जायला नको."

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून सगळे मेसेज ऐकले. पहिल्यापासून. आता फोन घरातही बोलतो. एक तरी बरं वाक्य असेल म्हणून शोधत होतो. पाय मोडला तेव्हा मला उचलून जिना चढवणारा हाच. पायाचं प्लास्टर भिजू नये म्हणून पिशवी बांधून मला आंघोळ घालणारा हाच, तेही माझ्या नजरेला नजर न देता, मला ओशाळं वाटू नये म्हणून. ताईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. चहाचा रंग सांगितला होता.

दुपारी लेकीचा फोन आला. तिने विचारलं, "सापडलं का एखादं?" मी काय शोधतोय ते तिने बरोबर ओळखलं होतं.

"नाही," म्हणालो.

मग म्हणाली, "जेवून घ्या."

२८ फेब्रुवारी, शनिवार

महिना संपला. लेकीला म्हणालो, "तू विचारलं होतंस, राहणार का म्हणून. आता तुमची इच्छा असेल तर..." ती म्हणाली, "मला नका सांगू. त्याला विचारा." बरोबर आहे तिचं.

दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ते हेडफोन डब्यात घालून ठेवत होते, वायरी गुंडाळून. परत आलो. ज्या तोंडाने इतकं बोललो त्या तोंडातून एक वाक्य निघेना.

२ मार्च, सोमवार

जावईबापू सकाळी डबा घेऊन बाहेर पडले.

मी मागितलं होतं ते मला मिळालं. घर सुनसान. खोलीत कॉम्प्युटर बंद, खुर्ची उंच. ताईचा मेसेज आला, "गेला का जावई?" लावला, ऐकला, उत्तर दिलं नाही. तिची काय चूक, मीच भरवलं तिला. चहा केला तो सांडला. जेवण गरम करून ठेवलेलं होतं, झाकणावर चमचा ठेवून. अर्धं खाऊन परत झाकून ठेवलं.

दिवसभर वाक्य जुळवत बसलो. मनात लिहायचं, खोडायचं. 'तुमचे उपकार', खोडलं. 'मोठ्या मनाने क्षमा', खोडलं, भाषणासारखं वाटलं. संध्याकाळी दार वाजलं. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल, खांद्याला पिशवी. एका दिवसात ऑफिसातून आलेल्या कुठल्याही माणसासारखे दिसायला लागले होते. मी दारातच उभा. जुळवलेलं सगळं विसरलो.

म्हणालो, "आज तुमच्याशिवाय करमलं नाही मला. अजिबात करमलं नाही. आणि मला इथेच राहायचंय, तुम्ही ठेवून घेतलंत तर."

ते पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्यात थांबले. मागे लेक जिना चढून येत होती, तीही दोन पायऱ्या खालीच थांबली.

"परत म्हणा, बाबा," ते म्हणाले.

"इथेच राहायचंय..."

"ते नाही. आधीचं."

मी परत म्हटलं.